आवाजाजवळची जागा

तंबूसाठी जागा बघताना मी आधी वर बघतो, मग खाली. वर वाळलेली फांदी नको, खाली मुंग्यांचं वारूळ नको. उतार थोडा असावा, म्हणजे पाणी साचत नाही. पण इतकाही नको, की झोपेत घरंगळत जावं. पाण्याच्या अगदी काठाला तर मुळीच नको, तिथं जनावरं प्यायला उतरतात. हे सगळं मी चुका करत करत शिकलो होतो आणि त्याची मला थोडी मिजासही होती.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आम्ही नवरा-बायको दोघंच चंदगडकडं गेलो. त्याआधी नेहमी मित्रमंडळींबरोबर जायचो. चुलीवर मटण, पत्ते, पोराटोरांचा दंगा. दोघंच जायची कल्पना तिचीच. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराखाली दिवसभर गाड्यांचे हॉर्न, समोर तालीम, तिच्या फुटबॉल संघानं मॅच जिंकली की फटाके. तिला म्हणे एकदा काहीच ऐकू येणार नाही अशा ठिकाणी जायचं होतं.

एका गावाच्या वर लहानसा तलाव होता, तीन बाजूंनी झाडी आणि एका अंगाला काजूची बाग. बागेच्या मालकांची परवानगी घेतली. ते म्हणाले, कुठंही लावा, फक्त ओढ्याच्या बगलेला नको, तिकडून गवे खाली येतात. ओढा तलावाच्या पल्याडच्या टोकाला होता, खडकांवरून आदळत यायचा.

पहिली जागा मला काजूच्या बागेच्या कडेला सापडली. सपाट, कोरडी. मी पिशवी खाली ठेवली. ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, इथं नको. कारण विचारलं तर नुसतीच चालू लागली. दुसरी जागा टेकाडावर, जांभळाखाली. तिथून सगळा तलाव दिसत होता. मी दोन खुंट्या ठोकल्यासुद्धा. तेवढ्यात ती एक कान तळहातानं दाबून माझ्याजवळ आली आणि इथंही नको म्हणाली. मी वैतागलो. ऊन कलायला लागलं होतं.

तिसरी जागा म्हणजे झाडीतच एक मोकळा चौक होता. वारा अजिबात नव्हता. पान पडलं तरी ऐकू येत होतं. याहून चांगली जागा मिळणार नाही, असं मी तिला बजावलं आणि तंबू उलगडायला घेतला. ती झाडाला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक.

"तुम्हाला ऐकू येत नाही?" तिनं विचारलं.

"काय?"

"माग चालू झालेत."

तिचं माहेर इचलकरंजीचं. तिथले कापड विणायचे माग मला लग्नाआधीपासून माहीत होते, पण त्या रानात कुठला माग? आसपास धड विजेचा खांबही नव्हता. मी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. मग तिनं सांगितलं.

तिचे वडील मागावर कामाला होते आणि घर मागाच्या शेडला लागूनच होतं. मधे एकच भिंत. जन्मल्यापासून तिनं मागात इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याचा खटक-खटक आवाज ऐकला होता. भिंतीला पाठ लावली तर तो हाडांत उतरायचा. ती आठ वर्षांची असताना वडील कामावरच छातीत कळ येऊन गेले. त्यांना बाहेर आणून ठेवलं तेव्हा शेडमधले सगळे माग बंद केले होते. जन्मात पहिल्यांदा तिनं शांतता ऐकली. इतकी, की अंगणातल्या माणसांचे श्वास ऐकू येत होते. तेव्हापासून कुठं फार शांत झालं की थोड्या वेळानं तिच्या कानात माग चालू होतात. आधी एक, मग रांगच्या रांग. पेठेत राहायला आल्यावर ते थांबलं होतं, कायमचं गेलं असं तिला वाटलं होतं, म्हणून मला कधी सांगितलंच नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसलो. आणि काही वेळानं मलाही ऐकू आलं. लांबून, जमिनीतून आल्यासारखं, एका लयीत. सुतार पक्षी असेल, माझीच नाडी असेल.  उठलो, तंबू गुंडाळला आणि तिला घेऊन थेट ओढ्याकडं गेलो.

गवे उतरायची वाट सोडून वरच्या बाजूला, उंच कातळावर आम्ही तंबू लावला. पाण्याच्या आवाजात एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. ती गाढ झोपली. सकाळी खालच्या चिखलात खुरांचे ताजे ठसे होते.

पुढं महिन्याभरानं आम्ही इचलकरंजीला गेलो. सासूबाई आता धाकट्या मेव्हण्याकडं असतात; वडील गेले तेव्हा तो तान्हा होता. जेवणं झाल्यावर बायकोनं सहज विषय काढला, की बाबा गेले त्या दिवशी माग किती वेळ बंद होते.

"बंद? कोण म्हनलं?" सासूबाई म्हणाल्या. "कामाची पाळी चालूच हुती की. तिरडी उचलली तवा बी माग धडधडतच हुतं. माझं रडल्यालं सुदिक कुनाला ऐकू न्हाई गेलं."

"बंद केलेवते, आई."

"न्हाई गं. तू माझ्या मांडीला लागूनच बसलीवतीस."

 बायको ताटं उचलून आत गेली. परतीच्या वाटेवर हातकणंगले मागं पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. मग म्हणाली, "मग मी ऐकली ती शांतता कुठली?"

 तिच्या आईखेरीज त्या दिवशीचं विचारायला आता दुसरं कुणी राहिलेलंही नाही.

आम्ही अजून जातो. आता जागा ती निवडते. पुढं जाते, डोळे मिटून उभी राहते, आणि तिनं मान डोलावल्यावरच मी फांद्या नि मुंग्या बघायला लागतो. गेल्या हिवाळ्यात त्याच तलावावर गेलो. मला वाटलं ओढा गाठायचा, पण ती झाडीतल्या त्या चौकात जाऊन थांबली. खात्री आहे का, असं मी विचारलं. तिनं माझ्या हातातून तंबूच्या काठ्या घेतल्या आणि जोडायला लागली.

"ऐकू येतंय?"

"येतंय की," ती म्हणाली. "आज मी ते थांबायची वाट बघणार आहे."

तंबू उभा केला. चहा केला. ऊन शेंड्यांवरून निघून जाईपर्यंत आम्ही दोघं दाराशी बसून होतो. मधे एकदा मी तिच्याकडं बघितलं. तिनं नुसती मान हलवली, अजून नाही.