नदी माघारी फिरली

सणसरच्या म्हस्कूतात्याला लांडग्याचं भ्या नव्हतं. मेंढरांभवती लावलेल्या जाळीजवळ लांडगा घुटमळायला लागला, की हा गडी काठी घेऊन उलटा त्याच्याच मागं लागायचा. पण पाण्याला तो भ्यायचा, आणि त्याला कारण होतं.

तरणा असताना बापलेकांनी नीरेच्या पात्रात वाळूवर मेंढरं बसवली होती. आभाळ कोरं करकरीत. पण लांब कुठंतरी घाटमाथ्यावर पाऊस कोसळलेला. म्हस्कूची पाठ नदीच्या वरच्या अंगाला होती. लोंढा आला तो बिनआवाजाचा, आधी नुसता केरकचरा आणि फेस, आणि मागनं भिंत. निम्मा कळप डोळ्यादेखत बेंबाटत गेला. बाप रडला-बिडला नाही. त्यानं पोराच्या पाठीत एक काठी घातली आणि सांगितलं, "पात्रात बसायचं तर तोंड वरतीकडं. आन पाणी चढाय लागलं तर त्यात उतरायचं न्हाय. उंचवटा धरायचा न् गप बसायचं. लोंढा येतो, लोंढा जातो."

तात्यानं हे जन्मभर पाळलं. पुढं कॅनॉलच्या पाण्यावर उसाचा तुकडा झाला, कळप मोडला, घरापुरती चार मेंढरं उरली. पोरगा महिपती लोणी देवकरला कंपनीत लागला. पण तात्या ओढ्याकाठी नुसता बिडी प्यायला टेकला, तरी तोंड वरच्या अंगालाच. लोकं हसायची. तात्या हसू द्यायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात वरच्या आळीच्या दत्तोबानं टूम काढली. ऊसवाला गडी, हौशी. बारामती डेपोतनं एसटी ठरवली आणि चावडीपुढं सांगत सुटला, "गोव्याचा समुद्र दावतो समद्यास्नी. नुसता नीरा-भीमेचा गाळ बघून मरता व्हय रं?"

तात्याची बायको भामाबाई लगेच तयार झाली. तिच्यामागं नात छकुली. ती अजून शाळेच्या पहिल्याच इयत्तेत, पण हट्टाला म्हातारी. सून रोहिणी काही केल्या पोरीला सोडेना. शेवटी महिपती म्हणाला, "तात्या संगं हायेत की. तात्या असल्यावर पाण्याचं काय भ्या?"

आता तात्याला जायचंच नव्हतं. पण पोरगी जाणार, पाण्याकडं जाणार, आणि आपण घरी बसायचं? त्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली आणि गाडीत जाऊन बसला. घाट उतरताना सगळी गाडी ओकली. तात्या तेवढा ताठ, पोरीचं मनगट मुठीत धरून.

कळंगुटला उतरले तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं. पहिला ऐकू आला तो आवाज. घुं घुं घुं, थांबायचं नाव नाही.

"हितं कारखाना हाय का रं?" तात्यानं विचारलं.

"तात्या, समुद्र हाय त्यो."

"मग बंद कवा करत्यात?"

सगळी खो खो हसली. तात्या हसला नाही. माडांच्या पलीकडं गेल्यावर त्याला ते दिसलं, आणि त्यानं काठी वाळूत रोवली. एवढं पाणी, आणि पलीकडचा काठच नाही. जिथं काठ असायला पाहिजे तिथं आभाळ टेकलेलं. तो दत्तोबाचा सदरा ओढून हळूच म्हणाला, "दत्तोबा, ह्याचं वरचं अंग कंचं?"

"समुद्राला कसलं आलंय वरचं अंग, तात्या?"

"मग मानसानं तोंड कुठं करून बसायचं?"

पण दत्तोबाचं लक्ष पाण्यावर धावणाऱ्या स्कूटरीवर होतं. मोठी जत्राच होती ती. एका बाईला रंगीत छत्रीला बांधून होडीनं ओढत आभाळात चढवलं होतं, आणि ती वर लटकून किंचाळत होती. पिवळ्या फुग्यासारख्या लांबड्या होडीवर माणसं ओळीनं बसायची आणि होडीवाला मुद्दाम त्यांना पाण्यात उलथवायचा. पैसे देऊन बुडायचं! शहाळीवाले, शिंपल्यांच्या माळावाले, पाठ रगडून देणारे, काजू विकणाऱ्या बाया. आणि मधी वाळूवर गोरी माणसं उताणी पडलेली, अंगावर दोन चिंध्या.

"आगं बया," सरूबाई म्हणाली. गल्लीतली ही थोराड विधवा, जिभेला हाड नसलेली. "ह्यांच्या म्हायारी बोळवणीला लुगडं देत न्हाईत वाटतं."

"चिंध्या मिळाल्यात की दोन," भामाबाई म्हणाली. "बघू नका अवो तुमी तिकडं."

"मी कुठं बघतोय?" तात्या खरंच बघत नव्हता. तो लाटा बघत होता. लाट यायची, पोरीच्या पायाशी फुटायची आणि पायाखालची वाळू काढून न्यायची. छकुली आनंदानं ओरडायची. तात्याला वाटायचं, कुणीतरी खालून पोरीचे पाय चाटून चव बघतंय. त्यानं तिला तीनदा उचलून मागं आणलं, आणि ती तीनदा पळाली.

स्कूटरीवर बसून दत्तोबा "मेलो मेलो" करत आत गेला आणि मर्दासारखा हसत बाहेर आला. मग सगळे बाप्ये होडीतनं मोठाले मासे उड्या मारताना बघायला निघाले. दत्तोबाची बायको कौसल्या म्हणाली, "आमी न्हाय येत. आमाला भूक लागलीया, पण हितं ह्या नागड्या पंगतीत भाकर सोडू व्हय? तात्या, तुमी आमाला कुठंतरी आडोशाला न्या."

तेवढंच तात्याला पाहिजे होतं. काठी पुढं करून तो निघाला, मागं भामाबाई, कौसल्या, सरूबाई, आणि काखेत छकुली. काठाकाठानं बरंच चालल्यावर गर्दी सरली आणि त्याला एक नदी दिसली. बागाची खाडी म्हणत्यात ती. डोंगराकडनं यायची आणि समुद्राला मिळायची. नदी बघून तात्याच्या जिवात जीव आला. हिला काठ होते. हिला वरचं अंग होतं. पात्रात मधीच वाळूचा एक ऐसपैस उंचवटा होता, कोरडा, स्वच्छ, माणूस नाही काणूस नाही. तिथवर जायला घोटाभर पाणी.

तात्यानं डोंगराकडं बघितलं. आभाळ निळं, ढगाचा ठिपका नाही. पाणी निवळ, केर नाही, फेस नाही.

"हितं बसायचं," तो म्हणाला. मेंढरं बसवावीत तसा त्यानं सगळ्यांना बसवलं, आणि स्वतः डोंगराकडं तोंड करून बसला. पाठ समुद्राला.

भाकरी सुटल्या. शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदा. गाडीच्या प्रवासानं बाया शिणल्या होत्या, खाऊन तिथंच कलंडल्या. छकुलीनं ओल्या वाळूचं कुंपण केलं आणि आत शिंपल्यांची मेंढरं कोंडली. तात्या बिडी ओढत डोंगराकडं बघत होता. सकाळपासून पहिल्यांदा त्याची छाती जरा हलकी झाली होती.

"आज्जा," छकुली म्हणाली, "नदी माघारी चाललीया."

"आसं नसतंय बाळ."

"चाललीया. माझं मेंढरू बघ की."

तात्यानं बघितलं. पोरीनं मेंढरू म्हणून पाण्यात सोडलेली नारळाची करवंटी डोंगराच्या दिशेनं चालली होती. हळूहळू, कुणी दोरीनं ओढल्यासारखी. चढावर.

तात्याच्या तोंडातली बिडी पडली. तो वळला. ज्या घोटाभर पाण्यातनं ते आले होते ते आता रुंद झालं होतं, आणि त्याचा रंग बदलला होता. त्यानं काठी घालून बघितली. गुडघाभर. वाळूचा उंचवटाही मघाएवढा राहिला नव्हता. पोरीच्या वाळूच्या कुंपणाचं एक अंग विरघळून गेलं होतं.

ढग नाही. फेस नाही. लोंढ्याचा आवाज नाही. मग हे पाणी आलं कुठनं?

माणसाला जे कळत नाही त्याचं भ्या वेगळं असतं. लांडगा दिसतो, लोंढा दिसतो. हे कसल्याच कारणाशिवाय चढत होतं. तरी बापाचा शब्द त्याच्या कानात होता.

"उठा! उठा समद्या!" त्यानं बायांना हलवलं. "मधी सरका, पार उंचावर. कुणी पाण्यात उतरायचं न्हाय. लोंढा हाय. आत्ता वसरंल."

सरूबाई डोळे चोळत उठली आणि पाणी बघून तिचं तोंड पांढरं पडलं. कौसल्या "आवं, कुणी हाय का!" म्हणून ओरडायला लागली. पण समुद्राची घरघर तिचा आवाज गिळून टाकत होती. बाप्ये होडीत, मासे बघायला गेलेले. तात्यानं छकुलीला खांद्यावर घेतलं. तिच्या दोन्ही पोटऱ्या त्यानं इतक्या घट्ट धरल्या की पोरगी कळवळली.

सगळी मधोमध चिकटून उभी राहिली. पाणी येतच होतं. मेंढरांचं वाळूचं कुंपण गेलं. भाकरीचं फडकं उचलेपर्यंत भिजलं.

भामाबाई पाण्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख होती. तिचं माहेर भीमेकाठची वाडी, उजनीच्या धरणात गेलेली. धरण भरत होतं तेव्हा ती माहेरपणाला गेलेली. घरापुढं बसून तिनं ते बघितलं होतं.

"अवो," ती म्हणाली, "ह्यो लोंढा न्हाय. ह्यो फुगवटा हाय."

"गप बस भामे."

"आमच्या वाडीत आसंच आलं. ऊन पडलेलं, आन पाणी आपलं खालनं वर. आदी घाटाच्या पायऱ्या, मग म्हसोबा, मग लिंबाचा पार. आमचा आबा बी म्हनायचा, वसरंल, वसरंल. न्हाय वसरलं. आजून वाडी पाण्यातच हाय." तिनं लुगड्याचा काष्टा आवळला. "चला. आत्ता निगायचं."

"चढत्या पाण्यात उतरायचं न्हाय!" तात्या ओरडला. "बापानं सांगितलंय मला! मेंढरं गेली माझी!"

"मेंढरं वरच्या पाण्यानं गेली. हे खालचं हाय. हितं उबं ऱ्हायलो तर पोर जाईल तुमची."

तात्यानं डोंगराकडं बघितलं. मग समुद्राकडं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळेना तोंड कुठं करायचं. खांद्यावरच्या पोरीनं आज्ज्याचं मुंडासं दोन्ही हातांनी धरलं होतं. आणि पाणी तात्याच्या पायाच्या बोटांना लागलं. खारट, कोमट. जिवंत असल्यासारखं.

"घोंगडं द्या," भामाबाई म्हणाली.

त्यानं दिलं. तिनं एक टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं, मधी कौसल्या आणि सरूबाईला धरायला लावलं, आणि दुसरं टोक तात्याच्या हातात दिलं. त्याची काठी काढून घेतली. कळप नदी ओलांडताना तात्या कायम पुढं असायचा. आता तो सगळ्यात मागं होता.

पाणी मांड्यांना लागलं. मग कमरेला. लुगडी फुगून तरंगायला लागली आणि बाया एका अंगाला ओढल्या जायला लागल्या. पायाखालची वाळू पळत होती. सरूबाईनं खंडोबा, बिरोबा, मरीआई, सगळ्यांना एका दमात हाका मारल्या. मधी कौसल्याचा पाय घसरला, ती गपकन खाली गेली आणि घोंगड्याला हिसका बसला. तात्या झुकला. छकुलीचे पाय पाण्यात बुडाले. तो हिसका, पोरीची ती किंकाळी, आणि नाकातोंडात गेलेलं ते खारं पाणी. तात्याला वाटलं, संपलं. महिपतीला काय तोंड दाखवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

"घोंगडं सोडू नका!" पुढनं भामाबाई ओरडली. "काठी लागतीया! तळ हाय! चला!"

कौसल्या ठसकत उभी राहिली. ओढ होती ती डोंगराकडंच होती, समुद्राकडं नाही, एवढीच दया. आणि मग तात्याच्या गुडघ्यांना वारा लागला. मग घोट्यांना. मग वाळू.

काठावर जाळं वाळत घालणारा एक कोळी धावत आला होता. तात्या वाळूवर बसला तो बसलाच. पोरीला खांद्यावरनं खाली उतरवायचं त्याला सुचेना, हात सुटेनात. कोळ्यानं आणि भामाबाईनं मिळून त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"भरतीत कशाला बसलात मधी?" कोळी रागानं म्हणाला.

तात्यानं मागं बघितलं. उंचवटा नव्हता. तिथं नुसतं पाणी होतं, सपाट, चकाकणारं.

"कुठं पाऊस झाला?" त्यानं विचारलं.

"पाऊस कसला? रोज येतं हे. दोनदा."

"रोज?" तात्या म्हणाला. "काय झालं नसताना?" आणि त्यानंतर त्याचे दात वाजायला लागले, भर उन्हात.

दत्तोबा आणि मंडळी आली तेव्हा बाया लुगडी पिळत होत्या. "काय तात्या, पवलात वाटतं!" दत्तोबा म्हणाला. सरूबाईनं त्याला अशा शिव्या घातल्या की पलीकडचे गोरे उठून बसले.

परत आल्यावर रोहिणीनं पोरीला विचारलं, "काय काय बघितलंस गं?" छकुलीनं सगळं सांगितलं. उडणारी बाई, उलथणारी होडी, चिंध्यावाल्या बाया. "आन नदी माघारी फिरली. आन आज्जीनं आमाला घोंगड्यानं वडून काढलं."

महिपतीनं बापाकडं बघितलं. तात्या म्हणाला, "खरं हाय. मी चुकलो. तुजी आय व्हती म्हनून." आणि उठून मेंढरांकडं गेला.

पुढं उन्हाळ्यात मेंढरं पाण्यावर न्यायला तात्या नीरेला जायचा, पण एकटा जायचा बंद झाला. भामाबाईला घेऊन जायचा. पात्रात वाळूवर दोघं भाकरी सोडायची, पाठीला पाठ लावून. त्याचं तोंड वरच्या अंगाला, तिचं खालच्या.

"काय तात्या, भांडलायसा व्हय म्हातारीसंगं?" रस्त्यानं जाणारे विचारायचे.

तात्या घास चावता चावता तेवढं विचारायचा, "भामे, खालनं काय?"

"काय न्हाय. जेवा."

मगच तो पुढचा घास घ्यायचा.