पायाळू आवडीची पोटरी

कापडे गावची आवडी पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की लचक जाते, आणि अशा माणसावर वीज पडते, असं आपल्याकडे मानतात. आवडीनं दोन्ही मानलं. ढग गडगडला की पन्नाशी उलटलेली ही बाई दार लावून घरात बसे. एरवी आंबेनळी घाटातल्या वाड्यांवरूनसुद्धा माणसं कंबर धरून तिच्या ओटीवर येत. ती पाठीला पाय लावी, तेलानं चोळी, वर चार शिव्या हासडी, आणि माणूस हसत घरी जाई.

मग तिच्या स्तनात गाठ निघाली. मुंबईला मुलाकडे राहून ऑपरेशन झालं आणि रोजची एक गोळी मागे लागली. गाठीला खतपाणी घालणारं हार्मोन ही गोळी अडवते, असं महाडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. अंगातून वाफा निघतील, पण गोळी मनानं बंद करायची नाही.

"आणि आवडीताई, एकच पाय सुजला, पोटरी दुखली, दम लागला, किंवा पाळी गेलेली असून रक्त दिसलं, तर त्याच दिवशी या. रक्ताची गुठळी होऊ शकते. क्वचित होते, पण होते."

गावी तिच्यासोबत राहणारी सून श्रुतिका शेजारीच होती. आवडीनं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

भातलावणीच्या दिवसांत तिची डावी पोटरी ठणकू लागली. सकाळी बघते तर उजवीपेक्षा जाड, आणि हाताला गरम.

"आई, डॉक्टर म्हणाल्या ते हेच ना? महाडला जाऊया."

"काय नाय गो. चिखलात पाय मुरगाळलाय. लचक हाय ती. मला शिकवतेस व्हय?"

झालं! लचकेच्या बाबतीत आवडीपुढे बोलायची गावात कुणाची छाती? तिनं तेल कोमट केलं आणि घोट्यापासून वर रगडत नेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सूज उतरेना. आपल्या हाताला न जुमानणारी लचक तिनं कधी पाहिली नव्हती. डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं, पण तसं बोलली असती तर हाताची पत गेली असती. तिनं आणखी जोर लावला.

पुढच्या सकाळी शेजारचा महिपती कंबर धरून आला आणि ओटीवर पालथा पडला. आवडीनं पाय उचलला आणि तशीच भिंतीला टेकली. छातीत कळ आली होती.

"श्वास... पुरत नाय गो."

महिपती कंबर विसरून गाडी आणायला धावला.

महाडला डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. पोटरी तेलानं चकाकत होती. त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी चोळलं?"

"मीच."

"गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असावा. चोळायला नको होतं, ताई."

इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, आणि रुग्णवाहिका मुंबईकडे निघाली. वाटेत वीज कडाडली. श्रुतिकानं घाबरून सासूकडे पाहिलं. आवडी दचकलीसुद्धा नाही. पोटरी ठणकत होती आणि ती आपल्या तेलकट हातांकडे बघत होती.

"हे हात धरून ठेव गो," ती मास्कमधून म्हणाली, "नायतर परत तिथंच जातील."