रडत उतरायची जागा

आमच्या अम्मीला फिरायला नेणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. सौदीच्या वाळवंटातल्या अल-उलाची दोन दिवसांची सहल मी एवढ्या हौसेने ठरवली, तर बस सुटल्यापासून तिचं सुरूच. "दगडच बघायचे होते तर आपल्या रत्नागिरीचा कातळ काय वाईट होता?" हत्तीच्या आकाराचा तो प्रसिद्ध खडक आला. अख्खी बस फोटो काढतेय आणि ही म्हणते, "हत्ती कसला? म्हैस पाणी पितेय." मला इतकं हसू आलं की फोटो हलला.

अम्मी गावाहून व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे जेद्दाला आली होती, आता परत जायची वेळ झाली होती. अब्बांनी जन्मभर इथे वेल्डिंग केलं, इथेच गेले आणि इथल्याच मातीत मी त्यांना ठेवलं. तिला गावी फोनवर कळलं. तेव्हापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, त्याचीच मला धास्ती. इथल्या कब्रस्तानात बायकांना आत सोडत नाहीत. म्हणून मी गाडी भिंतीबाहेर उभी केली, तर काचेतून पाहिलं आणि म्हणाली, "चल, ऊन झालंय." अगं बाई, रड ना जरा! पण नाही.

दुपारी बस मदाइन सालेहला, डोंगरात कोरलेल्या जुन्या थडग्यांपाशी थांबली. अम्मी जागची हलेना. अल्लाचा कोप झालेल्या लोकांची ही जागा, इथे रडत जावं नाहीतर जाऊच नये, असं तिने लहानपणापासून ऐकलेलं. "तू जा. मला रडू येत नाही, ठाऊक आहे ना तुला?" मी एकटाच उतरलो.

गाइड म्हणजे तिथलीच एक सौदी मुलगी. एका दारावर कोरलेल्या लेखाचा अर्थ तिने सांगितला: हे थडगं अमक्याने स्वतःसाठी, बायकोसाठी आणि लेकरांसाठी करून घेतलं. मी बसच्या खिडकीशी येऊन ते अम्मीच्या कानावर घातलं.

"बायकोसाठीपण?" म्हणाली, आणि पायाने सीटखालची चप्पल शोधू लागली.

दारातून आत मयत ठेवायच्या रिकाम्या खोबणी दिसत होत्या. ती बघत राहिली. "नशीबवान बाई. आपला माणूस कुठे निजलाय ते तिला ठाऊक होतं." आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हमसाहमशी रडायला लागली. गाइड पोरीने पाण्याची बाटली पुढे केली. मी अम्मीला धरून उभा. एकदाची रडली म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता.

डोळे पुसून तिने विचारलं, "तू गाडी लावली होतीस, तिथून अब्बा किती लांब होते रे?"

त्यांची कबर भिंतीलगतच्याच ओळीत होती. "हे दार ते आतली ती मागची भिंत, एवढेच."

तिने वाकून आत पाहिलं.

"म्हणजे मी अगदी जवळ जाऊन आले की रे," म्हणाली, "आणि साधा सलामसुद्धा केला नाही."