बाल्डाच्या पोटात

दिंद्रुडच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान, शेजारी बद्रीनाथनानांचा फोटो स्टुडिओ. स्टुडिओ कसला, आता त्यांच्या पोराचं, पप्पूचं मोबाइलचं दुकान. नानांचा घडीचा जर्मन कॅमेरा, बाल्डा, तिथं काचेच्या कपाटात शोभेला ठेवलाय.

त्या बाल्डाची कथा नाना येईल त्याला ऐकवायचे. माक्स बाल्डेवेगनं ड्रेस्डेनला कारखाना काढला, महायुद्धानंतर तो हातचा गेला, मग गड्यानं पश्चिम जर्मनीत जाऊन पुन्हा पहिल्यापासून मांडामांड केली. "कारखाना परत काढता येतो," नाना म्हणायचे, "निगेटिव्ह गेली की माणूस गेलं."

खरंच होतं. आमच्याकडे एकट्या बाईमाणसाचा फोटो जितेपणी कोण काढतं? लागतो तो मेल्यावर, हार घालायला. मग नाना लग्नाच्या घोळक्यातला चेहरा शोधून मोठा करून देत. त्यासाठी त्यांनी एकेक निगेटिव्ह डब्यात जपली होती.

२०१९च्या डिसेंबरात सूर्यग्रहण लागलं, तेव्हा नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बीडला होते. दर ग्रहणाला ते वाया गेलेल्या फिल्मच्या काळ्या पट्ट्या पोरांना सूर्य बघायला देत. या शहाण्या पप्पूला दुकान रिकामं करायचंच होतं. त्यानं जपलेल्या निगेटिव्हचे डबेच्या डबे वाटून टाकले. गावानं वाहवा केली. ग्रहण सुटल्यावर पट्ट्या गटारात.

जानेवारीत गावातला सिदू आला, डोकं भादरलेलं. ऊसतोडीला गेला होता. तिथंच फडावर बायको वारली, सत्यभामा. दुसऱ्या दिवशी तेरावं.

"नाना, आधार कार्डावरचा मोठा केला तर ती वळखूच येईना. मोबाइल टॅक्टरखाली गेला. आमच्या लग्नातला द्या."

नानांनी पप्पूकडं बघितलं. पप्पूनं मोबाइलात तोंड खुपसलं. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. शेवटी मीच सिदूला काय झालं ते सांगितलं.

त्यानं कपाटाकडं बोट केलं. "पण मशीन तर हाय ना? मोबाइलात काढलेला फोटू आत ऱ्हातोच की. हिच्यातबी ऱ्हायला असंल. बगा की जरा."

कुणालाच हसू आलं नाही. नानांनी बाल्डा बाहेर काढला, मागचं झाकण उघडलं आणि त्याच्या हातात दिला. सिदू दारातल्या उजेडात गेला, वाकून आत बघत राहिला. लई वेळ.

"न्हाई," तो म्हणाला, आणि कॅमेरा उपरण्यानं पुसून नानांना परत दिला.