मेंढ्या बसवायला येणारा

भाकरीचा तुकडा मोडण्याआधी तो उठून कळपातून एक फेरी मारी. कोण लंगडतंय, कोण चरत नाही, हे बघून मगच बसे. वर म्हणायचा, "आधी त्यायचं, मंग आपलं." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तुम्हाला ती आवडलीही असतील. मला हा माणूस डोळ्यांत खुपायचा.

निजामाच्या अमलातली गोष्ट. परतूरजवळ आमची जमीन होती. ज्वारी निघाली की खतासाठी आम्ही रानात मेंढ्या बसवायचो. शेतमालकाचा निरोप आल्याशिवाय मेंढपाळाने कळप घालायचा नाही, असा रिवाज. आमचा निरोप दरसाल यालाच जायचा. वय साठीचं, पण पाठ ताठ, दात शाबूत, आवाज कधी चढलेला नाही. मी पस्तिशीतच पित्ताने हैराण, आणि घरात कुणी जरा उलट बोललं की माझं डोकं फिरायचं.

आई गेली त्या साली दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खाट धरली. जेवणाचं ताट भिरकावून द्यायचे. परतूरच्या हकिमाच्या पुड्या मी आणल्या, रोज पाय चेपले. काही उपयोग नाही. मेंढ्या बसल्या त्या आठवड्यात हा घरी आला आणि दोन दिवसांचं एक कोकरू सरळ दादांच्या मांडीवर ठेवलं.

"दादा, याची माय याला पिऊ देत न्हाई. तुमीच पाजा. मला बिलकुल येळ न्हाई."

वेळ नाही म्हणे! दिवसभर काठीवर हनुवटी टेकून उभा असायचा.

पण दादा उठून बसले. कापसाचा बोळा दुधात बुडवून पाजू लागले. चौथ्या दिवशी कोकरू काखेत घेऊन स्वतः रानात चालत गेले. पंधरवड्यात त्याच्या घोंगडीवर बसून दोन-दोन भाकरी खाऊ लागले. शिव्या थांबल्या. एकदा तर मोठ्याने हसताना ऐकले. बायको म्हणाली, "बरं झालं बाई, जनावरानं माणूस माणसात आणला." मी जळून खाक झालो. पाय मी चेपायचे आणि हसणं त्याच्या वाट्याला!

पुढच्या साली मी निरोपच धाडला नाही.

दादा रोज बांधावर जाऊन बसत. "आजून कसा आला न्हाई रे?" विचारत. मी म्हणे, "येईल." त्यांचं जेवण पुन्हा सुटलं, तोंड पुन्हा सुटलं. ते दिसत असूनही मी गप्प राहिलो. सांगायला लाज वाटते, पण राहिलो.

एका सकाळी खाट रिकामी. शोधत निघालो. दोन कोसांवर दुसऱ्याच कुणाच्या रानात तो कळप होता, आणि मेंढ्यांच्या मधोमध दादा बसले होते. मी पोचलो तेव्हा तो त्यांना सांगत होता, "चूक माझी हाय, दादा. मालकाचा निरोप येळेवर आल्ता. मीच हितं गुतून राह्यलो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "उन्हाचं आलात, मालक. पाणी घ्या."

मी पाणी प्यालो. दुसऱ्याची लाज अशी झाकायला मला कधी जमलं नसतं, याचाही मला रागच आला.

त्याच्या पुढच्या साली निरोप न धाडता मी स्वतःच जाफराबादकडे त्याच्या गावी गेलो. त्याची बायको दारात बसली होती. "पोळ्याला गेले ते," म्हणाली. "दोन रोजाचा ताप."

घरी येऊन दादांना सांगितलं. सांगता सांगता न धाडलेल्या निरोपाचंही सांगून टाकलं आणि मला रडू आवरेना. दादा जवळ सरकले आणि माझ्या मानेपासून खाली पाठीवर हात फिरवू लागले, आजारी कोकरावर फिरवतात तसा, सावकाश. लहानपणीसुद्धा त्यांनी मला असं कधी जवळ घेतलं नव्हतं. तो हात त्यांना कुणी शिकवला, हे मला पक्कं ठाऊक होतं. माणूस मरून गेला होता, आणि त्या घटकेलाही मला त्याचा हेवाच वाटत होता.