मागच्या चाकाबरोबर चालणाऱ्या काकू

कुसुमकाकूंचं नाव निघालं की मला त्या आमच्या गाडीच्या मागच्या चाकाबरोबर चालताना दिसतात. सुती साडी, पायांत नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट, एक हात डिकीवर आणि कान खाली कललेला. सेक्टर एकोणचाळीसच्या आतल्या रस्त्यावर फिरायला निघालेले सरदारजी थांबून बघत होते. काकूंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

गाडी माझ्या वडिलांची, दादांची. आई गेल्यावर ते चंदीगडला माझ्याकडे आले ते ही गाडी घेऊनच. आईबरोबरच्या संसारातली तेवढी एकच वस्तू त्यांनी मागे ठेवली नव्हती. तेव्हा बँका घरी येऊन नव्या गाड्यांसाठी कर्ज देत होत्या, आणि दादा मात्र रोज एकटेच या म्हातारीला घेऊन सुखना तलावावर जात. एके दिवशी म्हणाले, "मागून खडखडतंय." मेकॅनिक मागच्या सीटवर बसून फेरी मारून आला. "बाऊजी, कुछ नहीं है जी." मग हे बसले, मी बसले. आवाजाचा पत्ता नाही. माझी लेक तर सरळच म्हणाली, "नानू को वहम होता है," आजोबांना भास होतात. गाडी विकावी, दादांना चालवू देऊ नये, असं घरात हळू आवाजात ठरू लागलं. दादांना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी किल्ली टीव्हीवर ठेवली आणि बाहेर पडणंच सोडलं.

काकू शेजारच्या. यजमान हवाई दलात, माहेर अकोल्याचं, वडील ट्रकचालक. मुलाचं पोट दुखो की मिक्सर बिघडो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कवा होते, आन् तवा कोण असते?" दादांनाही त्यांनी तेच विचारलं.

"एकटा असतो तेव्हाच," दादा म्हणाले.

"मंग हे सारे मांगं बसून काय पाह्यतात? काढा गाडी, एकलेच!"

दादांनी एकट्याने गाडी काढली, काकू बाजूने चालू लागल्या. पहिल्याच गतिरोधकावर खडखडाट झाला; मला तो फुटपाथवरून ऐकू आला. काकूंनी वाकून दाखवलं, मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांच्या टोकाचं रबर झिजलं होतं. मागे माणूस बसला की वजनाने पाटे दबत आणि आवाज बंद होई.

"भास गाडीले होत नसते," काकू म्हणाल्या. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते हसत होते. कितीतरी दिवसांनी.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंच्या यजमानांची बदली झाली. निघताना त्यांनी दादांना गाडी काढायला लावली आणि कोपऱ्यापर्यंत चाकाबरोबर चालत गेल्या. डिकीवर थाप मारून मला म्हणाल्या, "गाडी गप्प हाय. पण दादा काई म्हणतीन, तं ऐकत जाय वं पोरी."

दादा त्यानंतर बरीच वर्षं होते. ते काही म्हणाले की मी हातातलं काम ठेवून उठत असे. त्या वर्षांसाठी मी काकूंची ऋणी आहे.