दोन दवंड्या

दवंडी द्यायच्या आधी मामा डाव्या तळहातानं जबडा धरायचे आणि खालून वर ढकलायचे. हाड जागेवर बसल्याचा कट्ट आवाज यायचा, मगच रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर पहिली काठी पडायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस नाटकी आहे. तुम्हीही तेच म्हणाला असता.

मामा आमच्या गावचे कोतवाल. चाकूरजवळच्या या गावी मी तलाठी म्हणून नवाच रुजू झालो होतो. नोटिसा पोचवायच्या आणि सरकारी हुकूम गावभर ओरडून सांगायचा ही त्यांची नोकरी. त्यांच्या वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला तेव्हा त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, हलगीही सोडली. दवंडी तेवढी ठेवली, तीही डब्यावर.

त्यांची एक खोड होती. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते काही पुकारत नसत. "आधी बघू द्या साहेब, मंग तोंड उघडतो," हे ठरलेलं वाक्य.

लातूर जिल्हा वेगळा झाला ते वर्ष. पाऊसही त्या वर्षी रुसला होता. उद्या टँकर येणार असं तहसीलमधून कळलं, मी मामांना दवंडी द्यायला सांगितली. ते दुसऱ्या दिवशी सकाळपासून फाट्यावर जाऊन बसले. टँकर आला, त्यात हात घातला, पाणी चाखलं आणि मग डबा बडवत गावात आले. तोवर बायकांची रांग वेशीपर्यंत गेली होती. नव्या जिल्ह्याचं पुकारा म्हटलं तर पदरच्या पैशानं एसटीनं लातूरला गेले, कचेरीवरची पाटी पाहून आले. "रंग वला व्हता साहेब, हाताला लागला," म्हणाले. मी चिडून विचारलं, तुम्ही सरकारचे नोकर की सासरे? ते हसले. हसताना तोंड एका बाजूलाच उघडायचं.

पुढं एक दिवस टपालात उदगीरहून अर्ज आला. ओढ्याकाठच्या दीड एकराचा सातबारा हवा होता. जमीन एका पिंजाऱ्याच्या नावावर, अर्ज त्याच्या मुलीचा. मी मोठ्यानं नाव वाचलं. मामा दारात उभे होते ते खालीच बसले. "थोरली का धाकटी?" एवढंच विचारलं. मला काय ठाऊक? त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

देश स्वतंत्र झाला होता, पण इथं निजामाचं राज्य होतं. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत होत्या. आमच्या गावातली सात घरं गाड्या जुंपून हद्दीपलीकडे, बार्शीकडच्या छावणीत जाऊन राहिली होती. तेवढ्यात दिल्लीचं सरकार आणि निजामाचं सरकार यांच्यात वर्षभराचा करार झाला. जैसे थे. आता कुणी कुणाला हात लावणार नाही, असं लोक त्याचा अर्थ लावत होते. रब्बीची पेरणी खोळंबलेली. पाटलानं मामांना छापील कागद दिला, छावणीत जाऊन पुकार, माणसं घेऊन ये म्हणाला. मामा तेव्हा पंचविशीतले. वाचता येत नव्हतं, पण कागदावर शिक्का होता आणि आवाज खणखणीत होता.

तीन दिवस चालत गेले. हलगी वाजवून सांगितलं, दोन्ही सरकारांत समझोता झालाय, घरी चला. लोक तयार होईनात. एक बाळंतीण पुढं आली. ती म्हणाली, "कागदातलं मला कळत न्हाई. तू म्हनतूस म्हनून येते." तिच्या मागोमाग सातही घरं निघाली.

आठव्या दिवशी टोळी आली. घोड्यांवरून उतरल्यावर घोडे धरायला त्यांना माणूस हवा होता, मामा समोर सापडले. तीन घोड्यांचे लगाम त्यांच्या हातात दिले आणि सोडलंस तर तुला आधी कापू म्हणाले. मग सात घरांना बाहेरून कड्या घातल्या आणि छपरं पेटवली. दार फोडून जे बाहेर आले ते उंबऱ्यावरच तलवारीनं पडले. एकाचा हात तुटून घोड्याच्या पायांशी आला, घोडं बिथरलं, मामांनी लगाम आणखी घट्ट धरला. त्या बाळंतिणीनं झरोक्यातून लेकरू बाहेर धरलं आणि मामांचं नाव घेऊन हाक मारली. छप्पर खाली येईपर्यंत ती हाका मारत होती. मामांनी लगाम सोडले नाहीत. हे सांगताना त्यांच्या मुठी वळलेल्या होत्या.

करार वर्षभरही टिकला नाही. पावसाळा सरता सरता पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत कोसळलं. टोळीवाले केव्हाच पसार झाले होते. ज्यांची माणसं जळाली त्यांचं रक्त उसळलं होतं आणि हाताशी सापडण्यासारखं उरलं होतं, टोळीवाल्यांच्याच धर्माचं म्हणून, पिंजाऱ्याचं घर. त्या घरानं जन्मात कापूस पिंजण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मंडळी पोरंबाळं घेऊन ओढ्याकाठच्या ज्वारीत लपली. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, आत शिरून शोधणं अवघड. तेव्हा लोकांना मामांची आठवण झाली.

त्यांना बांधावर उभं केलं. गळ्यात हलगी अडकवली. सरकारचा हुकूम झालाय, अभय दिलंय, बाहेर या, असं पुकार म्हणाले. चाळीसेक माणसं, हातात कोयते, कुऱ्हाडी, पेटते पलिते. सगळे ओळखीचे, त्यातले काही मामांच्या बरोबरीनं विटीदांडू खेळलेले. मामांनी तीनदा हलगी वाजवली आणि जेवढा दम होता तेवढ्यानं ओरडले, "भायेर येऊ नका. पळा. कापायला उभे हायत."

दुसऱ्यांदा तोंड उघडायच्या आत कुऱ्हाडीचा दांडा जबड्यावर बसला. मग लाथा, मग दगड. शुद्ध आली तेव्हा ज्वारी आडवी झाली होती आणि तिच्या ताटांवर रक्त होतं. पिंजाऱ्याच्या घराची राख झाली होती. मंडळी सुटली की कापली गेली, हे गावात कुणी सांगेना आणि विचारायची मामांची छाती होईना. चौतीस वर्षं त्यांनी ते विचारलं नव्हतं. उदगीर काही विलायत नव्हे, पण ते कधी गेले नाहीत. गेलो आणि कुणीच नसलं तर, एवढीच भीती.

अर्जदारानं सोमवारी समक्ष यावं असं पत्र मी लिहिलं. "माझं नाव घालू नका, मी या म्हननार न्हाई," मामा म्हणाले. सोमवारी ते कामाला आले नाहीत. बाराच्या एसटीनं पंचेचाळिशीची एक बाई उतरली, चावडीत आली आणि कागदाचं राहिलं बाजूला, आधी विचारलं, हलगीवाले मामू हायत का. मी तिला वस्तीत घेऊन गेलो. मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

ती म्हणाली, "मामू, मी धाकटी."

मामांनी मान वळवली नाही. तसंच भिंतीकडे बघत विचारलं, "किती निघाले?"

"नऊ गेलो व्हतो जवारीत. नऊच निघालो. तुमचा आवाज ऐकून अब्बांनी वढ्यातून काढलं."

"रगत व्हतं की ताटावर."

"आमची शेळी व्हती. तिला कापले."

मामांनी जबडा दोन्ही हातांनी धरला आणि ते रडायला लागले. त्या मोडक्या तोंडातून हुंदकाही सरळ येत नव्हता. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला तिथं उभं राहवेना, मी बाहेर येऊन लिंबाखाली थांबलो.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले तेव्हा मी मुखेडला बदलून गेलो होतो, मातीला पोचू शकलो नाही, याची रुखरुख आहे. आठवतात ते त्या संध्याकाळचे मामा. बाईला एसटीत बसवून आम्ही दोघं फाट्यावरून परत येत होतो. मला फार बरं वाटत होतं. मी म्हणालो, मामा, सुटलात, नऊ जीव वाचवलेत तुम्ही.

"हे नऊ झाले," ते म्हणाले. "ती सात घरं हायतच की."

मी म्हणालो, त्याचा दोष तुमचा कसा? करार दोन सरकारांनी केला, पाळला नाही तोही त्यांनीच.

मामा चालायचे थांबले.

"करार त्यांचा व्हता साहेब," ते म्हणाले. "पर ती बाई सरकारच्या सांगन्यावर आली नव्हती."